टाळेबंदी, पालिका आणि घरातला किराणा

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि भाषण संपता संपता लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर आले. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या घोषणेची पहिली गर्दी वाण्याच्या दुकानासमोर झाली. किराणा, दूध, भाजी, औषधं चालू राहणार हे केंद्राच्या आदेशात होतं. पण तो आदेश माणसांपर्यंत पोचायच्या आत ‘सगळं बंद’ ही बातमी घराघरात पोचली होती. पुढची दोन वर्षं महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या महापालिका, नगरपालिका, पंचायती आदेशांवर आदेश काढत राहिल्या. त्या आदेशांनी साथ किती आटोक्यात आली यावर पुष्कळ लिहून झालं आहे. स्वयंपाकघराच्या बाजूनं मात्र ते फारसे कुणी वाचले नाहीत. बाहेर पडायला बंदी आहे आणि माल येईल की नाही याची खात्री नाही, अशा वेळी पालिकेनं रहिवाशाला नेमकं काय सांगितलं आणि त्याचा त्याला कितपत उपयोग झाला, हे पाहायला हवं.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रानं १३ मार्च २०२० रोजी साथरोग कायदा लागू केला, दुसऱ्या दिवशी त्याखालचे नियम आले आणि जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांच्या हाती अधिकार गेले. हा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगमधून आलेला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेत होते, माणसांना छावणीत नेत होते, सामान जाळत होते. रहिवाशाला सोबत घ्यायचं असतं हा विचार त्या कायद्याच्या जन्मवेळी नव्हताच. सव्वाशे वर्षांनी शिपाई नव्हते, झडत्या नव्हत्या, हे खरंच. पण आदेशांची भाषा तीच राहिली. विषय, संदर्भ, ‘ज्याअर्थी’, ‘त्याअर्थी’, मग मनाई, मग सूट दिलेल्यांची यादी आणि शेवटी भारतीय दंड संहितेचं कलम १८८. तीन-चार पानं वाचून झाल्यावरही साठीच्या एकट्या बाईला कळत नसे की आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या परवा संपतील तेव्हा फोन कुणाला करायचा. काय बंद हे पालिकेनं नेहमी तपशीलवार सांगितलं. काय, कुठून, कुणाच्या हातून दारात येणार, हे क्वचितच सांगितलं. माझ्या मते या सगळ्या काळातली मोठी उणीव हीच होती. जिथे ती भरून निघाली तिथे लोकांनी निर्बंध मनापासून पाळले.

ही उणीव मोठी होण्याचं एक कारण राज्यकारभारातलं आहे. गल्लीतल्या कुठल्या घरात कोण एकटं राहतं, कुणाचं दुकान पहाटे उघडतं, हे नगरसेवकाला तोंडपाठ असतं. पण आदेश काढणारे आयुक्त होते, अंमल पोलिसांचा होता आणि नगरसेवकाला त्या रचनेत ठरलेली अशी जागाच नव्हती. नवी मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर, वसई-विरार या महापालिकांची मुदत तर २०२० मध्येच संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. गावांतही तेच झालं. मुदत संपलेल्या १४,००० हून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका शेवटी जानेवारी २०२१ मध्ये झाल्या. तोवर तिथेही प्रशासक. ज्यांनी दारोदार जाऊन सांगायचं, त्यांचंच पद ऐन गरजेच्या वेळी रिकामं होतं.

आता वेळांचा प्रश्न. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे शहाणपण सुरुवातीलाच सुचलं होतं. देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दोन दिवसांत, २६ मार्चला, महाराष्ट्र सरकारनं जीवनावश्यक वस्तूंची दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला मुभा दिली. विचार सरळ होता. दुकान जितका वेळ उघडं, तितकी माणसं विखुरतात. आज नाही तर उद्या मिळेल, सकाळी नाही तर रात्री मिळेल, ही खात्री असली की कुणी धावत नाही.

मग हा विचार मागे पडला. पुण्यात एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठा सील झाल्या आणि प्रतिबंधित भागांत दुकानं सकाळी १० ते १२ अशी दोनच तास उघडू लागली. दहाला शटर वर जायच्या आधी साडेनऊपासून रांग. जमिनीवर खडूनं किंवा चुन्यानं आखलेली वर्तुळं; पहिले पंधरा-वीस जण त्या वर्तुळांत नीट उभे, पुढची रांग मात्र खांद्याला खांदा लावून, कारण बाराला शटर खाली येणार हे प्रत्येकाला ठाऊक. आतून वाणी ओरडतोय, ‘यादी द्या, यादी, बोलत बसू नका.’ पोह्याची पाकिटं संपलेली, तुरीची डाळ माणशी एक किलो, आणि बाराला पाच कमी असताना पोलिसांची शिट्टी. ज्या संसर्गाला रोखायचं, त्याच्यासाठी याहून सोयीची जागा कुठली?

जुलैमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १० जुलैला पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी १३ ते २३ जुलैची टाळेबंदी जाहीर झाली. पहिले पाच दिवस दूध आणि औषधं सोडून जवळपास काही नाही, १९ पासून किराणा आणि भाजी ठरावीक वेळेत. घोषणा आणि अंमल यांच्या मधल्या शनिवार-रविवारी शहर बाजारात लोटलं. पूर्वसूचना द्यायलाच हवी होती, ती दिली हे योग्यच केलं. पण सूचनेबरोबर पुरवठ्याचा कागद नव्हता. पाच दिवसांत सोसायटीच्या फाटकापर्यंत भाजी येईल की नाही, येईल तर कुणाची, हे त्यात असतं तर त्या दोन दिवसांचा लोंढा निम्म्यानं तरी कमी झाला असता असं मला ठामपणे वाटतं. त्याच महिन्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, नवी मुंबई, औरंगाबाद यांनीही आपापल्या टाळेबंद्या केल्या आणि प्रत्येकाच्या तारखा आणि सवलती वेगळ्या. डोंबिवलीत राहून ठाण्यात काम करणाऱ्या आणि आईवडील नवी मुंबईत असलेल्या माणसाला तीन पालिकांचे नियम पाळायचे होते, आणि तिन्ही नियम एकत्र लिहिलेला कागद कुठेच नव्हता.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘ब्रेक द चेन’चे आदेश आले आणि २० एप्रिलला किराणा-भाजीची दुकानं सकाळी ७ ते ११ वर आली. सकाळच्या दादरच्या भाजी बाजाराची गर्दी तेव्हा रोज दूरचित्रवाणीवर दिसत होती. मात्र एक गोष्ट या वेळी सुधारली होती. घरपोच माल रात्री ८ पर्यंत पोचवायला आदेशातच परवानगी होती. वर्षभरात वाण्यांनीही व्हॉट्सअॅपवर यादी घ्यायची, पोऱ्याला सायकलवर पाठवायची सवय करून घेतली होती. ती व्यवस्था पालिकेनं उभी केली नव्हती. आदेशानं तिला फक्त अडवलं नाही. एवढ्यानंही मोठा फरक पडला.

दुकान उघडं असून उपयोग नाही, जर त्यात माल नसेल. वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला असे पाच बाजार आहेत आणि मुंबईचं बरंचसं ताट तिथून भरतं. एप्रिल २०२० मध्ये तिथे एका व्यापाऱ्याला लागण झाली आणि बाजार काही दिवस बंद राहिला; पुढे ११ ते १७ मे तो पुन्हा पूर्ण बंद ठेवून तपासण्या झाल्या. मधल्या काळात भाजीच्या गाड्या थेट मुंबईत पाठवायची सोय करावी लागली. पुण्यात गुलटेकडीचा मार्केट यार्ड बंद असताना मोशी, खडकी, मांजरी, उत्तमनगर हे उपबाजार कामी आले आणि शेतकऱ्यांचे गट थेट सोसायट्यांच्या फाटकावर टेम्पो लावू लागले. घाऊक बाजार एकाच जागी एकवटण्याचा धोका तेव्हा उघडा पडला. पण रहिवाशाला त्याची खबर मिळायची ती दारातल्या भाजीवाल्याकडून: ‘ताई, वाशी बंद आहे, चार दिवस मिरची-कोथिंबीर नाही.’ पालिकेच्या सूचनेत हे वाक्य असायला हवं होतं. टंचाई चार दिवसांची आहे हे कळलं की माणूस कडधान्यं भिजवतो. कळलं नाही तर दहा दिवसांची भाजी भरायला बाहेर पडतो.

गोव्याचं उदाहरण याहून कठीण आहे. तिथे २२ मार्चचा जनता कर्फ्यू पुढे वाढवला गेला आणि सुरुवातीच्या दिवसांत किराणा दुकानंही बंद राहिली. गोव्याची भाजी मुख्यतः बेळगावहून येते, दुधाचाही बराच भाग शेजारच्या राज्यांतून. चोर्ला आणि अनमोड घाटांतून येणाऱ्या गाड्यांवर ज्या राज्याची चूल चालते, तिथे सीमा बंद आणि दुकानंही बंद, असं एकाच वेळी झालं. माल पंचायती आणि स्वयंसेवकांमार्फत घरोघरी पोचवू, असं सांगण्यात आलं. कल्पना चांगली, पण पंचायतीकडे घरांची यादी, गाडी, गोदाम, पास यांतलं काही तयार नव्हतं. चार-पाच दिवसांत सरकारला दुकानं उघडावी लागली आणि गोवा बागायतदार सहकारी संस्थेच्या बाजारांसमोर लांबच लांब रांगा लागल्या. पुढे एप्रिलच्या मध्यावर गोवा काही काळ रुग्णमुक्तही झाला, त्याचं श्रेय घ्यायला पुष्कळ जण पुढे आले. त्या पहिल्या आठवड्यात ज्यांच्या घरी तांदळाचा डबा रिकामा झाला, त्यांची आठवणही त्या हिशेबात धरायला हवी.

सीलबंद भागांची गोष्ट वेगळीच. मार्च २०२० च्या अखेरीस वरळी कोळीवाडा बंद झाला आणि १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखोंची वस्ती, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं, आणि बहुतेकांचं शौचालय घराबाहेर. ‘घरीच राहा’ या सूचनेला तिथे अर्थच नव्हता. मुंबई महापालिकेच्या जी उत्तर विभागानं, तेव्हाचे सहायक आयुक्त किरण दिघावकर आणि त्यांच्या माणसांनी, हे लवकर ओळखलं. सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा निर्जंतुक करणं, दवाखाने चालवणाऱ्या स्थानिक डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघरी तपासणी, शाळा आणि मंगल कार्यालयांत विलगीकरण, आणि बंद गल्ल्यांत शिजवलेलं अन्न व शिध्याची पाकिटं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं तेव्हा कौतुक तपासणीचं झालं. माझ्या नजरेत तितकंच मोठं काम जेवणाचं होतं. विलगीकरणात गेलं तर घरच्यांना दोन वेळचं मिळेल, ही खात्री नसती तर ताप आल्याचं कुणी सांगितलंच नसतं.

पुण्यात गल्ल्या बांबू आणि पत्रे ठोकून बंद केल्या होत्या. पत्र्याच्या वरून दुधाच्या पिशव्या झेलल्या जात, दुसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली येई, तीत चिठ्ठी आणि पैसे. हे सगळं शेजाऱ्यांनी जमवलं होतं. पत्रा ठोकणाऱ्या आदेशात पत्र्याच्या आतल्यांना दूध कसं मिळेल ही एक ओळ घालायला फार काही लागलं नसतं.

मुंबईचा दुसरा धडा दूरध्वनीचा. आपत्ती व्यवस्थापनाचा १९१६ हा क्रमांक मुंबईकरांना पावसाळ्यामुळे माहीत होता. साथीत त्यावर इतका भार आला की २०२० च्या जूनपासून २४ विभागांत वेगवेगळे वॉर रूम उभे राहिले. विभागातला डॉक्टर, विभागातली रुग्णवाहिका, विभागातल्या खाटा, आणि फोन उचलणाऱ्याला रस्त्याचं नाव सांगितलं की समजत असे. किराणा आणि औषधांसाठीही अशीच विभागवार सोय सगळीकडे असती, तर?

सूचना पोचवण्याचा प्रश्न तर फारच विचित्र झाला होता. १८ एप्रिल २०२० ला राज्यानं वर्तमानपत्रं घरोघरी टाकायला मनाई केली. तीन दिवसांत ती सैल झाली, पण मुंबई-पुणे परिसर आणि प्रतिबंधित क्षेत्रं वगळून, म्हणजे जिथे सूचनांची गरज सर्वाधिक होती तिथेच अंक दारात येईनात. जूनपर्यंत हे चाललं. ज्यांचा स्मार्टफोनशी संबंध नाही अशा वृद्धांना पालिकेचं म्हणणं कळण्याचा रोजचा मार्ग गेला. त्याची जागा अफवांनी घेतली. मे महिन्यात मुंबई-पुण्यात लष्कर येणार असं पसरलं, लोक पुन्हा दुकानांत धावले आणि मुख्यमंत्र्यांना स्वतः येऊन नाही म्हणून सांगावं लागलं. या काळात सर्वांत भरवशाचं साधन कुठलं ठरलं असेल तर घंटागाडी. रोज सकाळी त्याच वेळेला, त्याच गल्लीत, भोंग्यावर सूचना वाजवत येणारी. खेड्यात दवंडी आणि देवळाचा, मशिदीचा भोंगा. साधनं जुनी होती. त्यांतून वाजणारा मजकूर मात्र बहुधा ‘मास्क लावा, हात धुवा, अन्यथा दंड’ एवढाच.

खेड्यांत सुरुवातीला बाभळीच्या फांद्या आणि बैलगाड्या आडव्या टाकून गावबंदी झाली. ती भीतीतून आली होती आणि मुंबई-पुण्याहून परतणाऱ्या आपल्याच माणसांवर तिनं अन्याय केला. पण गावांचा पुरवठ्याचा प्रश्न शहरांच्या उलटा होता: माल होता, तो नेणारं कुणी नव्हतं. दुधाचं संकलन कोसळू नये म्हणून राज्यानं रोज १० लाख लिटरपर्यंत दूध २५ रुपये लिटरनं घेऊन भुकटी करायचं ठरवलं, तो शहाणपणाचा निर्णय होता. पुढे २०२१ मध्ये पोपटराव पवारांचं हिवरे बाजार किंवा सोलापूर जिल्ह्यातलं घाटणे यांनी दाखवलं की गाव स्वतः पथकं नेमतं, बाधिताच्या घरचं दूध, वैरण, किराणा दुसरं कुणी पाहतं, तेव्हा विलगीकरण टिकतं. गायीला वैरण कोण घालणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय शेतकरी शाळेच्या खोलीत जाऊन झोपत नाही. राज्यातल्या सुमारे ७०,००० आशा स्वयंसेविकांना हे कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा आधी कळत होतं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या उन्हापावसात दारोदार फिरल्या. घरात काय कमी आहे हे टिपायचा रकाना त्यांच्या तक्त्यात मुख्य नव्हता, तरी त्या वेळोवेळी कुणाची गोळी, कुणाचा शिधा स्वतः पोचवत होत्या. योग्य मोबदल्यासाठी जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, ही लाज आपल्या सगळ्यांची आहे.

‘पंधरा दिवसांचा साठा करून ठेवा’ हा सल्ला त्या काळात सगळीकडून मिळाला. तो पगार खात्यात जमा होणाऱ्यांसाठी होता. रोज संध्याकाळी मजुरी हातात आल्यावर पाव किलो तांदूळ, तेलाची छोटी पिशवी, दोन बटाटे आणणाऱ्या घराला साठा म्हणजे काय, हे माहीत असूनही परवडत नाही. त्यांच्यासाठी आधार होता तो रेशनचा, माणशी ५ किलो मोफत धान्याचा, आणि १० वरून ५ रुपयांवर आणलेल्या शिवभोजन थाळीचा. केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये ८ रुपयांनी गहू, १२ रुपयांनी तांदूळ मिळाला. पण परगावचं कार्ड असलेला बांधकाम मजूर कुठल्याच यादीत बसत नव्हता, आणि १४ एप्रिल २०२० ला वांद्रे स्थानकाबाहेर जमलेल्या परप्रांतीय मजुरांच्या जमावामागे जी कारणं होती त्यांत हेही एक होतं. केरळमध्ये पंचायतींनी सामूहिक स्वयंपाकघरं चालवली; आपल्याकडे ते काम फार करून गुरुद्वारं, मशिदी, मंडळं आणि तरुणांच्या गटांनी केलं. त्यांनी केलं म्हणून निभावलं. पुढच्या वेळी ते असतीलच असं धरून पालिकेला चालता येणार नाही.

साथ एकटी येत नाही, हेही या दोन वर्षांत कळलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडमध्ये पत्रे आणि कौलं उडाली, वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस गेले. टाळेबंदीच्या बहुतेक सूचना तोवर मोबाइलवरून जात होत्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा दुकानांतला मालच वाहून गेला. २०२१ च्या आदेशांत पावसाळी साहित्याची दुकानं अत्यावश्यक ठरली, ती निसर्गच्या अनुभवानंतर. ताडपत्रीही जीवनावश्यक असते, हे तेव्हा कागदावर आलं.

उपयोगी सूचना कशी असावी याचा नमुना आपल्याकडे आहेच: मुंबई महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस आणि वेळा जाहीर करते. वर्तमानपत्रं तो तक्ता छापतात, कित्येक घरांत तो कपाटाच्या दाराला चिकटवलेला असतो. त्यात मनाई नाही, दंड नाही. तारीख आहे, वेळ आहे, आणि त्यावरून आपण काय करायचं हे मुंबईकर स्वतः ठरवतो. प्रत्येक विभागाचा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीचा असाच एका पानाचा कागद शांत काळात तयार व्हायला हवा: आपल्या भागात घरपोच माल देणारी दुकानं आणि त्यांचे फोन, घाऊक बाजार बंद पडला तर भाजीचा टेम्पो कुठल्या मैदानावर उभा राहील, रेशन दुकानाची पर्यायी वेळ, डायलिसिस आणि इन्सुलिनवाल्यांसाठी वेगळा क्रमांक, मोबाइल बंद पडला तर सूचना कुठल्या फळ्यावर लागेल, आणि गल्ली बंद झाली तर दुधाची पिशवी कोण आत देईल त्याचं नाव. हे नाव लिहायला आयुक्तांच्या कार्यालयातल्या कुणाला जमणार नाही. त्यासाठी नगरसेवक, आशा, दूधवाला आणि सोसायटीचा रखवालदार यांना एका टेबलाशी बसवावं लागेल, आणि यादी दर वर्षी मे महिन्यात नालेसफाईबरोबर तपासावी लागेल.